बिल्ला नंबर ४१७

उत्तर क्रमांक एकशे त्र्याऐंशी वाचून झालं आणि माउसवरचा माझा उजवा हात आपोआप मांडीवर येऊन पडला. तो तिथे पडला आहे हे मला जरा वेळाने कळलं. दुपारचे साडेतीन वाजले होते. समोर स्वानंद कानाला हेडफोन लावून मान डोलवत होता, कुणीतरी चहाचे कागदी कप गोळा करत होतं, एसी नेहमीप्रमाणे नुसता आवाज करत होता. सगळं जिथल्या तिथे होतं. मी पुन्हा वाचलं. नाव, बिल्ला नंबर ४१७. गाव, सावनेर आणि आता नंदनवन. मैदानावर जाऊन पाहिलेली पहिली मॅच कोणती? माह्या पोरीची कबड्डी सक्करदऱ्याकडच्या शाळेच्या ग्राउंडवर दोन हजार सात डिसेंबर. कोणासोबत पाहिली? एकटाच कुंपणाच्या बाहेरून. त्यातलं काय लक्षात राहिलं? पाय माह्या पोरीले लागला होता बाद दुसऱ्या पोरीले दिलं माह्या पोरीनं हात वर नाही केला. मध्ये कुठे स्वल्पविराम नाही, पूर्णविराम नाही. बोटांनी टाइप केलेलं नव्हतं हे. मोबाईलसमोर बोललेलं होतं, आणि त्या बोलण्यातला बसका, कोळशाने खरखरीत झालेला आवाज मला ऑफिसात बसल्या बसल्या ऐकू आला.

बिल्ला नंबर ४१७ आमच्या टीव्हीखाली काचेच्या वाटीत आहे. पितळी, रुपयाच्या दुप्पट आकाराचा, कडेला भोक पाडलेला. दर रविवारी मी त्याच्यावरची धूळ पुसते. बाबा चौतीस वर्षं खाणीत होते. खाली उतरताना हा बिल्ला खिळ्याला अडकवायचा आणि वर आल्यावर काढून घ्यायचा. ज्याचा बिल्ला खिळ्यावर राहिला तो माणूस अजून खालीच आहे, असा सरळ हिशोब. कुणी आळसाने किंवा मस्करीत दुसऱ्याचा बिल्ला अडकवला, तर नसलेल्या माणसाला शोधायला चार असलेली माणसं खाली उतरतात, हे बाबांनी मला लहानपणी इतक्या वेळा सांगितलं होतं की मी कान बंद करून घ्यायचे. त्यामुळे फॉर्म म्हटला की बाबा खरा भरतात. रेशनकार्डाचा असो की लग्नाच्या आहेराची यादी असो. ते निवृत्त झाले तेव्हा खाणीतल्या दोस्तांनी तो बिल्लाच त्यांना भेट दिला. आणि आता तो माझ्या ॲपमध्ये खिळ्याला अडकला होता, खाली कोणीतरी आहे म्हणून सांगत.

ॲपचं नाव ‘कल्ला’. खेळाच्या खऱ्या चाहत्यांसाठी. घरी सोफ्यावर पडून स्कोअर पाहणाऱ्यांसाठी नाही. उन्हातान्हात जाऊन, पत्र्यावर बसून, घसा बसेस्तोवर ओरडणाऱ्यांसाठी. हे वाक्य माझं. मी ते इतक्या बैठकांमध्ये बोलले आहे की झोपेतही बोलू शकेन. उद्या सकाळी दहाला ते सगळ्यांसाठी उघडणार होतं. त्याआधी दोनशे बारा लोकांना महिनाभर वापरायला दिलेलं, आणि त्यांची निवडक उत्तरं ‘भिंत’ नावाच्या पहिल्या पानावर लागणार होती. ते तीन प्रश्नही माझे. स्वानंद म्हणत होता, ताई, एवढं कोण लिहीत बसतं, टीम निवडा आणि आत या, बस. मी हट्टाला पेटले. म्हटलं, चाहता कोणत्या टीमचा आहे हे महत्त्वाचं नाही, तो पहिल्यांदा कोणासाठी मैदानावर गेला हे महत्त्वाचं आहे. आणि मग पैसे लावणाऱ्या साहेबांसमोर मी माझी गोष्ट सांगितली. मी कबड्डी खेळायचे, जिल्ह्याकडून, मग विदर्भाच्या मुलींच्या संघाकडून, आणि माझे वडील माझ्या एकाही मॅचला आले नाहीत. एकाही. इथे मी जराशी थांबले होते. साहेबांनी चष्मा काढून पुसला. आमचं काम तिथेच झालं. आज ‘कल्ला’ उघडलं की काळ्या पडद्यावर पहिली ओळ येते ती हीच, माझ्या नावानिशी: ‘माझे बाबा कधी मैदानावर आले नाहीत. तुम्ही या.’ आणि हा माणूस लिहितो, एकटाच, कुंपणाच्या बाहेरून.

मी हे बाबांना तोंडावरही सुनावलेलं आहे. एकदा नाही, दहादा. आई होती तेव्हा, आई गेल्यानंतर, ते माझ्याकडे नागपुरात नंदनवनला राहायला आले त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात. भाजीत मीठ कमी पडल्याच्या भांडणातूनही मी तिथपर्यंत पोहोचायचे. तुम्हाले कोठी वेळ होता बाबा, तुमची ड्युटी होती न. ते काही बोलायचे नाहीत, ताटाकडे पाहत राहायचे. मला वाटायचं, अपराधी वाटतं म्हणून गप्प बसतात. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. अठरा वर्षं मी एका माणसाला माझ्या कर्जात ठेवलं होतं आणि त्याने कधी कागद मागितला नव्हता.

ती मॅच. मी ती विसरले नव्हते, मी ती नीट घडी घालून तळाशी ठेवली होती. डिसेंबरातलं चांगलं कडक ऊन, चुन्याच्या रेषा, टेबलामागे खुर्च्यांवर बसलेले निवड समितीचे तिघे जण. त्यातला एक शेंगदाणे खात होता. मी डाव्या कोपऱ्यात, माझ्या शेजारी रोशनी. रोशनी मेश्राम, सावनेरचीच, माझ्याच वर्गातली. कोपऱ्यातल्या दोघींनी हात धरून साखळी करायची. रेड करणारी आत आली की साखळी मिटत जायची आणि तिला कोंडायची. माझा उजवा हात रोशनीच्या डाव्या हातात. आमची साखळी कोणाला तुटत नाही असं सर स्वतः म्हणायचे. आणि त्याच सरांनी पहिल्या दिवशी शिकवलं होतं की ज्याला लागला त्याने हात वर करून आपल्या पायाने बाहेर जायचं, पंचाच्या शिट्टीची वाट पाहायची नाही. सामना संपायला चार मिनिटं होती. समोरची उंच मुलगी आली, वाकली, आणि परत जाता जाता तिचा अंगठा माझ्या नडगीला लागला. हलकासा. चप्पल शोधताना खाटेचा पाय लागावा तेवढाच. ती परत गेली, हात उंचावून ओरडली की लागला. पंचाने विचारलं कुणाला. तिने साखळीकडे बोट दाखवलं. साखळीत दोघी होतो.

कोणतीही एक बाहेर गेली असती, तरी गुण एकच जाणार होता. हे मला तेव्हाही कळत होतं. संघाचं काही बिघडणार नव्हतं. फक्त जी बाहेर जाईल ती शेवटची चार मिनिटं रेषेबाहेर उकिडवी बसणार आणि शेंगदाणे खाणारा माणूस तिला पाहणार नाही, एवढंच. मी समोर पाहत राहिले. पंचाने रोशनीला बाद दिलं. ती म्हणाली, मले नाही लागला सर. पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा ओरडून म्हणाली, आणि पंचाने खिशातून कार्ड काढलं. आमचे सर बाहेरून म्हणाले, ह्या लोकांचं नेहमीचंच आहे, सरळ मान्य करतच नाहीत. ‘ह्या लोकांचं’ म्हणजे कोणाचं हे मैदानावरच्या सगळ्यांना कळलं. रोशनीच्या घरी भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, आमच्या घरी गणपतीचा. सरांना तेवढं पुरलं. मलाही कळलं होतं. मी तेव्हाही हात वर केला नाही. शेवटच्या मिनिटात मी एकटीने एक पकड केली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आठवड्याने यादीत माझं नाव आलं. रोशनीला त्यानंतर कोणी संघात बोलावलं नाही. भांडखोर आहे म्हणाले. घरी गेल्यावर मी आईला सांगितलं, रोशनी खोटं बोलून राहिली होती. दारात बाबा पाय धूत होते. त्यांच्या पायांवरून काळं पाणी वाहत होतं. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि आत निघून गेले. हे काळं पाणी मला आज, एवढ्या वर्षांनी, ऑफिसात दिसलं. म्हणजे ते रात्रपाळी करून तसेच, आंघोळ न करता, सावनेरहून बसने नागपूरला आले होते. आणि माझ्या आधी घरी पोहोचले होते.

“ताई, एकशे त्र्याऐंशी वाचलं का?” स्वानंदने हेडफोन मानेवर घेतला होता. “खतरनाक आहे न! म्हातारा तीन ओळीत जीव घेते. मी त्याले उद्या भिंतीवर सगळ्यात वर टाकून राहिलो.”

“नको,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

“काहून? एवढं ओरिजिनल काहीच नाही आपल्याजवळ. बाकी सगळे तेच, क्रिकेट अन् मामासोबत गेलो. अन् एक टाळी पण आहे त्याले.”

टाळी. उत्तर आवडलं तर टाळीच्या चित्रावर बोट ठेवायचं, आणि बोट दाबून धरलं तर कोणी टाळी दिली त्याचं नाव दिसतं. लोकांना लपून टाळ्या देता येऊ नयेत म्हणून ही सोयही मीच केलेली. फार शहाणपणाची वाटली होती तेव्हा. मी दाबून धरलं. रोशनी मेश्राम, सावनेर.

मला धक्का बसला असं लिहिलं तर ते फारच सोपं होईल. मला हसू आलं. खरंच आलं. मग मी उठून बाथरूममध्ये गेले, नळ सोडला आणि पाण्याकडे पाहत उभी राहिले. रोशनीने वाचलं होतं. दोनशे बारा माणसांत रोशनी होती आणि मी तिचं नाव यादीत पाहिलंही नव्हतं, कारण मी माणसं बघत नव्हते, त्यांचे आकडे बघत होते. ती आता सावनेर डेपोला एसटीत कंडक्टर आहे एवढं मला माहीत होतं. एकदा बस स्टँडवर ती दिसली होती, खाकी कपड्यात, गळ्यात तिकिटाचं मशीन. मी पुस्तकांच्या स्टॉलमागे सरकले होते. माझ्या मनात तिने कधीच विसरून टाकलेलं असायचं सगळं. लोक विसरतात, पोरंबाळं होतात, हा आधार मी स्वतःला दिला होता. आणि तिने बोट ठेवून टाळी दिली होती. ती टाळी म्हणजे काय होतं? सापडली, असं? शेवटी कोणीतरी बोललं, असं?

मी डोकं दुखतं म्हणून निघाले. सक्करदऱ्याच्या तलावाशी स्कूटर थांबवली. काठावर दोघे जण चणे खात आयपीएलवरून वाद घालत होते, त्यातला एक म्हणत होता की आपला म्हटला की हरला तरी आपला. मी मोबाईलवर ॲपची मागची बाजू उघडली. तिथे प्रत्येक उत्तरापुढे लाल अक्षरात ‘काढून टाका’ असतं. शिव्या देणाऱ्यांसाठी आहे ते. मी एकशे त्र्याऐंशीपुढचं दाबलं. पडद्यावर आलं, ‘खात्री आहे का?’ खाली हो आणि नाही. हे शब्दही माझेच. काढून टाकलं तर काय, स्वानंद चिडेल, मी काहीतरी कारण सांगेन, उद्या दहाला साहेब टाळ्या वाजवतील आणि पहिल्या काळ्या पडद्यावर माझी ओळ येईल. ठेवलं तर आज ना उद्या कोणीतरी सावनेरचा विचारेल, ४१७ म्हणजे देवाजी भोयर न, अन् पोरगी म्हणजे ती मयुरा न? मग माझं ॲप, माझी गोष्ट, साहेबांनी पुसलेला चष्मा, सगळं. मी भीतीने गार पडले होते. पण भीती त्याची नव्हती, हेही मला समजत होतं. मला हे सहन होत नव्हतं की त्यांनी पाहिलं. सगळ्या जगात एक माणूस पाहणारा नव्हता म्हणून मी रडत आले, आणि तोच पाहत होता. मी ‘हो’ दाबलं नाही, ‘नाही’ही दाबलं नाही. पडदा तसाच ठेवून मोबाईल पर्समध्ये टाकला.

घरी बाबा हॉलमध्ये कबड्डी पाहत होते, आवाज बंद करून. ते नेहमी आवाज बंदच ठेवतात. बोलणारे लोक उगाच मध्ये येतात म्हणतात. मी चप्पल न काढता त्यांच्यासमोर उभी राहिले.

“बाबा, सक्करदऱ्याच्या मॅचले तुम्ही आले होते?”

त्यांनी टीव्हीवरची रेड पूर्ण होऊ दिली. मग म्हणाले, “हो.”

“कुंपणाच्या बाहेर काहून?”

“पूर्ण काळा होतो न वं. तुह्या मैत्रिणी म्हणल्या असत्या, हा कोण.”

“मले काहून नाही सांगतलं?”

“कसा सांगू? तू घरी येऊन मायले म्हणाली, रोशनी खोटी बोलून राहिली. मी तिथं होतो म्हटलं असतं, तं तू माह्या समोर खोटी पडली असती. सोळा वर्षाची पोरगी. म्हटलं राहू दे, सांगन आपल्या मनानं.”

“अठरा वर्षं झाले बाबा.”

“हो,” ते म्हणाले. “लय वेळ लावला तुनं.”

मी त्यांच्यासमोर बसले. त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. पाऊस लांबला असं सांगावं तसं ते बोलत होते. मी विचारलं, मग नंतर? नंतर किती मॅच झाल्या, अमरावतीला, अकोल्याला, एकदा तर सावनेरलाच झाली, घरापासून पाच मिनिटांवर. तेव्हा काहून नाही आले? मी हे तेच जुनं वाक्य, त्याच जुन्या चढ्या आवाजात विचारलं. सवय जाते कुठे.

बाबांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. “पुन्हा तसंच काही दिसलं असतं तं?”

ते आले नाहीत, कारण ते आले होते. एवढंच होतं ते. पहिल्या पडद्यावरची ती ओळ, साहेबांसमोरचं ते थांबणं, ताटाकडे पाहणारे बाबा, सगळं मीच केलेलं होतं, त्या चार मिनिटांत, समोर बघत उभी राहून. मी त्यांना येऊ दिलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

“अन् आता काहून लिहिलं?”

“तू म्हणत होती न, सगळ्यायनं खरं लिहा लागते त्याच्यात म्हणून. फोनवर सांगून राहिली होती कोणाले तरी.” मग जरासे ओशाळून म्हणाले, “चुकलं का? रोशनीनंच टाकून देल्लं मोबाईलमध्ये. मी तिच्याच गाडीनं जातो न सावनेरले, दर बुधवारी. म्हणे काका, मयुराचं आहे हे, घ्या न. मंग ते प्रश्न आले. मी तिले पहिले विचारलं, लिहू का.”

“रोशनीले विचारलं?”

“मंग! तिच्याबद्दल होतं न. तिनंच मोबाईल धरला अन् मी बोललो. पूर्ण गाडीनं ऐकलं, माहा आवाज काही लहान नाही.”

“काय म्हणाली ती?” हे विचारताना मी पर्सचा पट्टा दोन्ही हातांनी धरला होता.

“हसली. म्हणे काका, मले तं तवाच माहीत होतं. साखळीत हात होता न तिचा माह्या हातात. पाय लागला तशी तिनं माहा हात जोरात दाबला. म्हणे मले वाटलं, आता वर करते.”

हे मात्र मला आठवत नव्हतं. अंगठा आठवत होता, शेंगदाणे आठवत होते, चुना आठवत होता, आणि हे मी सफाईने पुसून टाकलं होतं. मी माझ्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि मग आठवलं. तिचा तळहात घामेजलेला, मातीने खरखरीत. हात वर करून बाहेर जायचं तर तिचा हात सोडावा लागला असता. मी तो घट्ट धरला होता. मीच तिला सांगितलं होतं, शब्द न बोलता, की मला लागला. आणि तिने त्यानंतर तीनदा पंचाला सांगितलं, मले नाही लागला. एकदाही म्हणाली नाही की मयुराले लागला. कार्ड मिळालं, सरांचं ते ऐकून घेतलं, तरी नाही. ती वाट पाहत होती. पंचासमोर, मग रेषेबाहेर उकिडवी बसून, मग यादी लागली तेव्हा. मी करेन म्हणून.

मोबाईल वाजला, मी तो पर्समधून काढला. स्वानंदचा मेसेज होता. “ताई, ४१७ले वर लावून राहिलो, फायनल?” ‘खात्री आहे का?’ अजून पडद्यावर होतं. मी ‘नाही’ दाबलं आणि स्वानंदला फोन लावला. म्हटलं, लाव. आणि पहिल्या पडद्यावरची माझी ओळ काढून टाक, ती खोटी आहे. मग तो म्हणाला, “अबे! उद्या लॉन्च आहे ताई. साहेबाले तीच ओळ पाहिजे, त्याच्यावरच तं सगळं आहे. तुम्ही सांगान त्याले?” मी म्हटलं, मी सांगेन. साहेब काय करतील याची मला कल्पना होती. मग मी स्वतःच्या ॲपमध्ये पहिल्यांदाच साधी वापरणारी म्हणून आत गेले, नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि त्या तीन रकान्यांसमोर बसले. पहिल्या दोनांत काय लिहू ते सुचेना, ते रिकामे सोडले. रकाने रिकामे सोडू द्यायचे नाहीत असं मीच ठरवलं होतं, म्हणून ते पुढे जाईना. शेवटी दोन्हीकडे ‘तीच मॅच’ लिहिलं, आणि तिसऱ्यात लिहिलं, मले लागला होता. पाठवलं. पडद्यावर रंगीबेरंगी कागद उडाले आणि ‘झाला कल्ला!’ असं आलं. मी ते डिझाइन केलं तेव्हा खूप कौतुक झालं होतं.

टाळी आली नाही. मी पाच मिनिटं पाहिली, दहा मिनिटं पाहिली. मग स्वतःचीच लाज वाटली.

“उद्या बुधवार आहे न. तिची गाडी कितीची असते?” मी विचारलं.

“सातची. काहून?”

“मी येतो तुमच्यासंग.”

“तुह्यं ते उद्या आहे न, दहाचं?”

“असू द्या.”

बाबांनी टीव्ही बंद केला. काचेच्या वाटीतला बिल्ला त्यांनी उगाच उचलला, शर्टाला पुसला आणि परत ठेवला. “ये,” ते म्हणाले. “पण तिकीट काढा लागन. ओळखीचं आहे म्हणून ती कोणाले सोडत नाही. मी म्हातारा, तू बाई, दोघायलेही अर्धंच लागते.” आणि ते सुटे पैसे शोधायला आत गेले. मी तिथेच बसून राहिले. सकाळी सात वाजता गाडी सुटेल, ती पुढून एकेका सीटवर तिकिटं देत येईल, आमच्यापाशी येऊन थांबेल आणि पैसे घ्यायला माझ्यासमोर हात करेल.